दिवा घालवणाऱ्या सासूबाई

सगळा भाग त्यांना सासूबाई म्हणायचा, आणि त्यांना सून नव्हती. भाजीवाला हाताखालच्याला म्हणायचा, "सासूबाईंना ताजी दे, उगाच डोळे वटारतील." शेजारची पोरं जिन्यात त्या दिसल्या की भिंतीला चिकटून उभी राहायची आणि त्या पुढे गेल्या की खिदळायची. एकदा बसमध्ये एका म्हातारीनं त्यांना ओळखलं, तर शेजारची जागा रिकामी असून ती शेवटपर्यंत उभी राहिली. सासूबाईंनी हे घरी येऊन मुलाला सांगितलं ते कसं, तर बक्षीस मिळाल्यासारखं.

कारण इतकंच, की बायकांच्या संघटनेच्या पथनाट्यात त्या सासूचं काम करायच्या. पोटापाण्याची नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. तिथं वाफेवर तापलेल्या मोठ्या रुळातून चादरी बाहेर येतात, त्या दोघींनी दोन टोकांना धरून घडी घालायच्या. यंत्रांचा आवाज असा, की पलीकडचीला "धर" म्हणायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळे सासूबाईंचा आवाज कायमचाच चढा. त्या कुणाला मायेनं "जेवलीस का?" विचारायच्या, तरी विचारलेलीला वाटायचं की आपलं काहीतरी चुकलं.

संघटनेत त्या शिरल्या त्या नाटकासाठी नव्हेच. धुलाईखान्यातल्या एकीचा हात रुळावर भाजला, आणि वरचे म्हणाले, चूक तिचीच. तिला घेऊन सासूबाई संघटनेच्या खोलीवर गेल्या. खोली सायकलच्या दुकानाच्या वर. कोपऱ्यात फलकांच्या काठ्या, खिडकीत धुतलेल्या कपांची रांग. तिथला नियम असा, की बैठकीत जी सगळ्यात जास्त बोलेल तिनं कप धुवायचे. म्हणून कप बहुतेक प्राध्यापकबाईच धुवायच्या. या प्राध्यापकबाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि नाटकं लिहायच्या. समानता या विषयावर बोलायला लागल्या की चहा गार व्हायचा. पण भाजलेल्या हाताचं प्रकरण त्यांनी असं लावून धरलं, की वरच्यांना माफी मागावी लागली. सासूबाईंना त्या तेव्हापासून आवडल्या त्या आवडल्याच.

त्या दिवशी खोलीत तालीम चालली होती. सासू झाली होती चित्रकार. पडदे आणि फलक रंगवणारी ही मुलगी डोळे वटारायची वेळ आली की फिस्सकन हसायची. तिसऱ्यांदा हसल्यावर प्राध्यापकबाईंनी कपाळाला हात लावला. बाकावर बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही.

"अशी हसरी सासू मिळाली असती ना, तर मी माहेराकडे फिरकलेसुद्धा नसते," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही करून दाखवा," चित्रकारानं खांद्यावरची करडी शाल काढून त्यांच्या हातात दिली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

सासूबाईंनी शाल घेतली. प्रवेश साधा होता. सून दिवसभराचं काम उरकून पुस्तक घेऊन बसलीय, सासू येते आणि बोल बोल बोलते. प्राध्यापकबाईंनी सासूला चांगलं पानभर बोलायला दिलं होतं. सासूबाईंनी त्यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. त्या आल्या, सुनेकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, हात लांब केला आणि हवेतलं दिव्याचं बटण बंद केलं. टक्. मग आल्या तशा निघून गेल्या. खोलीत लख्ख दुपार होती, पण सून झालेली मुलगी अंधारात बसल्यासारखी बसून राहिली. प्राध्यापकबाईंनी पानभर मजकुरावर स्वतःच काट मारली, आणि खूश होऊन त्या दिवशीचे कप बोलल्याशिवायच धुतले.

तेव्हापासून गिरण्यांच्या फाटकांवर, बाजारात, शाळांच्या मैदानात सासूबाईंनी किती दिवे घालवले त्याला गणती नाही. प्रेक्षकांतल्या बायका त्या हाताकडे बघायच्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एका आजीनं तर रिंगणात शिरून त्यांच्यावर छत्री उगारली होती. सासूबाई घरी गेल्यावर पोट धरून हसल्या.

घर दोन खोल्यांचं. नवरा मुलगा लहान असतानाच गेलेला, सासू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. राहिले मायलेक. या घराची एकच खोड: संध्याकाळ झाली की सगळे दिवे लागायचे आणि लागलेलेच राहायचे. खोलीत कुणी असो नसो. झोपायच्या वेळी मुलगा उठून एकेक दिवा घालवायचा आणि कुरकुरायचा, "आई, निदान स्वयंपाकघरातला तरी." त्या म्हणायच्या, "असू दे रे." पुढे त्यानं कुरकुरणंही सोडलं. काही घरांत दार घट्ट बसत नाही, आमच्याकडे दिवे जात नाहीत, असं त्यानं धरून चाललं.

हा मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथं एक मुलगी चष्मा करायला आली. मग चष्मा सैल होतो म्हणून आली, मग घट्ट होतो म्हणून आली. तिसऱ्या खेपेला चष्म्याचं काहीच झालेलं नव्हतं. वाचनाचं वेड असलेली, कमी बोलणारी, नकाशे काढायच्या कचेरीतली मुलगी. सासूबाईंना ती पहिल्या भेटीतच अशी आवडली, की त्या धुलाईखान्यात दोन दिवस चादरींच्या घड्या उलट्या घालत होत्या.

एका रविवारी सकाळी मुलगी आपल्या आईला घेऊन घरी आली. आई पोस्टात खिडकीवर बसणारी, नीटनेटकी, मोजकं बोलणारी बाई. दारातच ती थबकली. खुर्चीवर बसली, चहाचा कप हातात घेतला, पण सगळा वेळ तिचं लक्ष सासूबाईंच्या उजव्या हाताकडे. सासूबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली तर ती किंचित मागे सरली. चहा अर्धा ठेवून दोघी गेल्या.

उत्तर मुलाकडून आलं, दोन दिवसांनी, खाली मान घालून.

"तिच्या आईनं तुझं नाटक पाहिलंय. पोस्टासमोर झालं होतं ते. ती म्हणते, एवढं हुबेहूब उगाच येत नाही. ते आत असावं लागतं. अशा घरात मी मुलगी देणार नाही."

"आणि मुलगी काय म्हणते?"

"मुलगी म्हणते, लग्न करीन तर तुझ्याशीच, पण आईला दुखवून नाही."

दुसरं काही कुणी म्हटलं असतं तर सासूबाईंनी त्याची हजेरी घेतली असती. पण हाच प्रश्न त्यांनी स्वतःला कितीदा विचारला होता. शाल अंगावर आली की हात आपोआप कसा उठतो? तो कुणाचा हात? आणि उद्या खरीच सून घरात आली, कंटाळली, उलट बोलली, एखाद्या दिवशी नुसतीच पुस्तक घेऊन बसली, तर? पोस्टातल्या बाईंना जाऊन भेटायचं त्यांच्या मनात आलं, पण सांगणार काय? माझ्या आत तसलं काही नाही, हे छातीवर हात ठेवून सांगायला त्यांची जीभ रेटेना.

संघटनेत गोष्ट कळली तेव्हा चित्रकार म्हणाली, मी सांगते त्यांना नाटक म्हणजे काय असतं ते. प्राध्यापकबाईंनी तर त्या बाई कशा चुकल्या याची एका दमात तीन कारणं दिली. सासूबाईंनी दोघींना गप्प केलं. "तुम्ही नका पडू यात. त्या बाईचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि चहाचे उष्टे कप स्वतः धुवायला घेतले.

मार्ग काढला तो मुलीनं. पुढचा प्रयोग बाजाराच्या चौकात होता. "आई, परत एकदा बघ आणि मग ठरव," असं म्हणून ती आईला घेऊन येणार होती. मुलानं हे घरी सांगितलं आणि जरा घुटमळून म्हणाला, "एवढ्या वेळेला जरा सांभाळून घे ना, आई."

सासूबाईंनी सांभाळून घेतलं.

चौकात रिंगण झालं. प्राध्यापकबाईंनी ढोल वाजवून माणसं गोळा केली. पुढच्याच रांगेत चष्म्यातली मुलगी आणि तिच्या शेजारी पोस्टातल्या बाई, पिशवी छातीशी धरून. सून पुस्तक घेऊन बसली. करडी शाल पांघरून सासूबाई आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि तोंडभर हसून म्हणाल्या,

"वाच गं बाई, वाच. डोळ्यांना मात्र जप."

सुनेचं काम करणारी मुलगी आ वासून बघत राहिली. तिचं पुढचं वाक्य होतं, "आई, दिवा का घालवलात?" आता ते कुठं बसवायचं? तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं तेच म्हटलं. गर्दी खो खो हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "अशी सासू कुठं मिळते, पत्ता द्या." सासूबाईही हसल्या, पण शालीच्या आत त्यांना घाम फुटला होता. आपण इथं जमलेल्या सगळ्या बायकांशी धडधडीत खोटं बोललो, हे त्यांना कळत होतं.

या मंडळींची एक रीत होती. नाटक मध्येच थांबवायचं आणि प्रेक्षकांना विचारायचं, असं घडतं का? कुणाला काही वेगळं करून दाखवायचंय? मग एखादी बाई पुढे यायची, सुनेच्या जागी बसायची, आणि मनात साठलेलं उत्तर तिथं देऊन मोकळी व्हायची. सगळ्यांना सूनच व्हायचं असायचं. सासूची जागा आजवर कुणीच मागितली नव्हती.

प्राध्यापकबाईंनी अवघडत विचारलं, "असं घडतं का?"

"नाही घडत," पोस्टातल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. "असं कुठंच घडत नाही. लोकांना हसवायला आलाय का तुम्ही?" त्यांनी पिशवी मुलीच्या मांडीवर ठेवली आणि त्या रिंगणात आल्या. सासूबाईंसमोर हात पसरला. "ती शाल द्या."

सासूबाईंनी शाल दिली.

"आणि मला एक कप लागेल."

चहाच्या टपरीवरून कप आला. पोस्टातल्या बाईंनी सून झालेल्या मुलीला तो धुवायला सांगितला. मुलीनं खोटंखोटं पाणी घेऊन कप धुतला आणि पालथा घातला. बाई आल्या. कप उचलला, उजेडाला धरून आतून बाहेरून पाहिला. मग सुनेच्या तोंडावरची नजर न काढता त्यांनी तोच कप पुन्हा धुवायला घेतला. सावकाश. कड, दांडी, बूड. शब्द एक नाही. धुऊन झाल्यावर त्यांनी तो पालथा घातला आणि हा सुनेनं धुतलेला दुसरा कप असल्यासारखा तोच पुन्हा उचलला. सुनेचं काम करणाऱ्या मुलीचे डोळे खरोखर भरून आले.

मागची एक बाई नुसती म्हणाली, "अगदी अश्शीच." प्राध्यापकबाईंनी हातातला ढोल खाली ठेवला. चष्म्यातली मुलगी आपल्या आईकडे अशी बघत होती, की जणू ही बाई तिनं कधी पाहिलीच नव्हती.

पोस्टातल्या बाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

गर्दी पांगल्यावर दोघी जणी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"तुम्हाला चांगलंच येतं की," सासूबाई म्हणाल्या.

"मला कुठलं येतंय? ते माझ्या सासूचं. रोज करायची. मी धुतलेलं एक भांडं कधी तिला चाललं नाही."

"दिवा माझ्या सासूचा. मला वाचायची आवड होती. पुढं सुटली."

पोस्टातल्या बाई शालीची दशी बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी म्हटलं होतं, ते आत असावं लागतं."

"खोटं नाही म्हटलंत. आहेच आत. मला स्वतःलाच भीती वाटते त्याची."

"मलाही एक मुलगा आहे," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "धाकटा. उद्या त्याचंही लग्न व्हायचंय." त्यांनी बोटावरची दशी सोडली. मग म्हणाल्या, "आज खोटं का केलंत?"

"तुमची मुलगी हातची जाऊ नये म्हणून."

"परत करू नका तसं. माझा फार संताप झाला."

"तुम्ही रागावल्यात म्हणूनच तर नाटक वाचलं," सासूबाई त्यांच्या त्या चढ्या आवाजात म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं. हसता हसता सासूबाईंनी डोळे पुसले. पोस्टातल्या बाईंनी शालीचं टोक पुढे केलं.

लग्नाचं त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. पुढच्या रविवारी मात्र पोस्टातल्या बाई मुलीला घेऊन स्वतःहून आल्या. या वेळी संध्याकाळी. चहा झाला, बिस्किटं झाली, पुन्हा एकदा चहा झाला. पुढच्या खोलीत दिवा, आतल्या खोलीत दिवा, मोरीत दिवा, जिन्याच्या तोंडाशी दिवा. मुलगी आतल्या खोलीत मुलानं तिच्यासाठी आणलेलं पुस्तक चाळत बसली होती. पोस्टातल्या बाईंनी इकडे तिकडे पाहिलं.

"कुणी यायचंय का अजून? सगळीकडे दिवे लावलेत ते?"

"छे, आमच्याकडे रोजच असं," मुलगा म्हणाला. "आई दिवा म्हणून घालवत नाही. आजी गेली तेव्हापासूनचं आहे. मीच घालवतो झोपताना."

पोस्टातल्या बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई घाईघाईनं कप गोळा करायला लागल्या. दोघी कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाईंनी एकेक कप धुऊन दिला आणि पोस्टातल्या बाईंनी तो पुसून, उजेडाला न धरता, फळीवर पालथा घातला.

काम संपलं. सासूबाई पुढे झाल्या, मागून पोस्टातल्या बाई. बाहेर पडता पडता जन्माच्या सवयीनं मागच्या बाईंचा हात दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर गेला. बोट टेकलंही. मग त्यांनी हात काढून घेतला आणि तोच पुढचीच्या खांद्यावर ठेवला.

"चला, विहीणबाई," त्या म्हणाल्या.