मोसंबीच्या बागेतली पाण्याची रेल्वे

आता हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला स्वतःला अजून धड हसू येत नाही. चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पण एका वाक्यानं अख्खं गाव तहानलेलं ठेवायचं, याला काय म्हणाल? ते वाक्य मी लिहिलं. खडूनं. छान वळणदार अक्षरात!

आमचं गाव शिरूर कासारपासून आत. मी सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होतो. त्या साली पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही. कारखाना बंद, मी घरी. अर्धं गाव ऊसतोडीला लांब गेलेलं, उरलेलं टँकरची वाट बघत बसलेलं.

घराला लागून माझी मोसंबीची छोटी बाग होती. होती म्हणजे झाडं उभी होती, पानं गेलेली. ती वाळकी झाडं बघत बसलो असतो तर वेडा झालो असतो. मग काय केलं? रेल्वे केली!

हसू नका. खरी रेल्वे. जुन्या स्टोव्हच्या पितळी टाकीचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, वर शिट्टी. इंजिन हातभर लांब, मागं दोन डबे. लोखंडी पट्ट्यांचे रूळ झाडांभोवती गोल टाकले. तांब्याभर पाणी घातलं की अशी पळायची, अशी पळायची, की बघत राहावं! माझी बायको शकुंतला म्हणाली, "झाडाला घालायला पाणी न्हाई आन् गाडीला हाय."

खोटं नव्हतं ते. पण मला ऐकू आलं नाही. मला गावाला दाखवायची घाई झालेली.

दूध सोसायटीच्या बाहेर फळा होता. तिथं मी लिहिलं, 'रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या मळ्यात वाफेची रेल्वे. सर्वांनी यावे.' दूध घालायला आलेला एक जण वाचून म्हणाला, "वाफ्याची? म्हंजी कांद्याच्या वाफ्यातनं जाती का काय?"

मी विचार केला, वाफ कुणाला कळायची नाही. साधं लिहावं. 'वाफेची' पुसलं आणि लिहिलं 'पाण्याची'.

झालं!

त्या दिवसांत कुठंतरी लांब रेल्वेनं पाणी पोचवल्याची बातमी आमच्याकडं सगळ्यांच्या तोंडी होती. मला नव्हती का माहीत? होती की. पण माझ्या डोक्यात माझं इंजिन सोडून दुसरं काही शिरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा कुंपणापाशी आला. धनगर, दीडशे मेंढरांचा मालक, माझा बालमित्र.

"मिस्तरी, रूळ कावून टाकायलाव?"

"रेल्वेसाठी! फळा न्हाई बघितला?"

"बघितला की. म्हंजी इथवर येती?"

"इथंच येती. गोल फिरती."

"टाकी हाय तिला?"

"हाय तर! पितळंची."

"मग मेंढरं आणली तर चालंल का?"

मला काय वाटलं असेल? वाटलं, माणूस हौशी आहे, मेंढरांनाही गाडी दाखवायचीय त्याला. म्हणालो, "आण की बे! फकस्त रुळावर येऊ देऊ नको."

संध्याकाळी सरपंच बापूसाहेबांचा फोन. मोठे जमीनदार, बोलणं मोजकं.

"मिस्तरी, ते फळ्यावरचं खरं हाय का?"

"शंभर टक्के. चाचणी घेतली मी."

"व्यवस्था कुणी केली?"

"मीच. स्वतःच्या हातानं."

"शाबास! पुरंल ना सगळ्यांना?"

"एकदा भरली की वीस मिनिटं चालती, बापूसाहेब. पुन्हा भरायची."

"मग असं करू. रविवारचा आपला टँकर शेजारच्या वाडीला देतो. त्यांचे लई हाल चाललेत."

इथं मात्र ऐका. इथं मी एक क्षण थांबलो होतो. आमचा टँकर वाडीला कशाला, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण मनात आलं, टँकर आला तर बाया माझी गाडी सोडून तिकडं पळतील. आणि मी म्हणालो, "द्या की!"

बाकी सगळी गफलत. ही मात्र गफलत नव्हती.

रविवार उजाडला. आठ वाजल्यापासून माणसं यायला लागली. बाया, म्हातारे, पोरंटोरं. घागरी, हंडे, कळशा, प्लास्टिकचे ड्रम. एक बैलगाडी तर टिपाडं घेऊन आली. मला वाटलं, पालथ्या घालून बसायला आणल्यात घागरी! मी म्हणत होतो, "रांग लावा, गर्दी करू नका, सगळ्यांना मिळंल!" बघायला, हो. बघायला मिळेल!

मागून ज्ञानोबाची दीडशे मेंढरं. धुरळा नुसता.

बरोब्बर नऊला दिवा लावला. वाफ धरली. शिट्टी दिली, कूऽऽ! गाडी निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या. मी टाळ्यांची वाट बघतोय.

एकानंही घागर खाली ठेवली नाही.

ठकूमावशी सगळ्यात पुढं होती. सत्तरी ओलांडलेली, लांबच्या वस्तीवरून कळशी घेऊन चालत आलेली. तिनं गाडीकडं बघितलं, मग लांब रस्त्याकडं बघितलं, आणि अगदी समजूतदारपणे मला विचारलं, "ही पुढं आली ते कळलं, बाबा. पाण्याची मागनं येती का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घागरी दिसल्या. टिपाडं दिसली. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला मोसंबीच्या झाडाला धरून कळलं.

"मावशी… हीच ती."

"हीच?" म्हणाली, आणि खाली वाकून इंजिन बघत राहिली. "ह्यात किती मावतं?"

"तांब्याभर."

बापूसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मिस्तरी, टँकर वाडीवर रिकामा झाला. आता उद्याच."

शकुंतला तोवर आत गेली होती. दोन महिने जपून, भांडी घासलेलं पाणीसुद्धा पुन्हा वापरून तिनं एक ड्रम भरून ठेवला होता. तो तिनं उघडला. माझ्याकडं बघितलंही नाही. लहान पोरं असलेल्या घरांना आधी, मग म्हाताऱ्यांना, तांब्या तांब्या वाटलं. ठकूमावशीनं एक तांब्या घेतला, त्यातलंही अर्धं शेजारच्या बाळंतिणीच्या कळशीत ओतलं.

मेंढरांना काय देणार? ज्ञानोबा रोज पहाटे त्यांना लांबच्या तलावाला न्यायचा. त्या दिवशी माझ्या भरवशावर नेली नव्हती. भर उन्हात घेऊन निघाला. एक गाभण मेंढी वाटेतच बसली. ती उठली नाही.

संध्याकाळी मी त्याच्याकडं गेलो. दारातच उभा राहिलो. तोच म्हणाला, "जाऊ द्या मिस्तरी. गाडी मातर लई झ्याक होती."

शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो.

सोमवारी टँकर आला. नवाच ड्रायव्हर, बीडकडचा. शकुंतलाला मी म्हणालो, आज घागर मी नेतो. गेलो आणि मुकाट्यानं रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिलो. मान खाली.

ड्रायव्हरनं पाइप सोडला, टपावर चढून बसला आणि हसत हसत रांगेला विचारलं, "काय हो, काल पाण्याची रेल्वे आणणारा शहाणा तुमच्यातला कोण? एकदा दर्शन घ्यावं म्हणतो!"

अख्खी रांग मागं वळली.

मीही वळलो. माझ्या मागं कुणीच नव्हतं.