कालव्याच्या पलीकडची चिंच

हरवलेल्या ड्रोनची गोष्ट सांगतो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय आलं, ते मला माहितीय. गॉगल लावलेला एक पोरगा, कुणाच्या तरी गच्चीवर पडलेला ड्रोन, गच्चीवर केस वाळवणारी एक मुलगी, आणि शेवटी दोघांचं लग्न. तर तसं काही नाही. या गोष्टीत मुलगी आहे, पण ती सत्तरीची आहे, तिचे गुडघे गेलेत, आणि ड्रोन हरवणाऱ्याशी तिचं लग्न केव्हाच होऊन बसलंय. म्हणजे विश्रांतवाडीतले माझे घरमालक काका आणि काकू. त्यातल्या काकांबद्दल माझं ठाम मत असं की, आकाशाशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडणार नाही.

काका खडकीच्या कारखान्यात तपासणीला होते. समोर येईल त्या वस्तूला माप लावायचं आणि पास की नापास तेवढं सांगायचं, ही नोकरी. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. चहा पास. कोपऱ्यावरची मेथी नापास. टीव्हीवरच्या बातम्या रोज नापास, तरी रोज तपासायच्या. मी वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावाहून बॅग घेऊन त्यांच्याकडे खोली बघायला आलो, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत मोजलं आणि विचारलं, "नोकरी सोडून आपल्याला काय येतं?" मी म्हटलं, नकला येतात. शाळेत मी हेडमास्तरांचा खोकला इतका हुबेहूब काढायचो, की वर्ग उठून उभा राहायचा. "माझी करून दाखवा," काका म्हणाले. आता ओळख तरी किती, पण मी नसलेला चष्मा नाकावर वर सरकवला आणि कोरड्या आवाजात म्हटलं, "मेथी नापास." आतल्या खोलीतून कुणीतरी फस्सकन हसलं. त्या काकू. काका मात्र जराही हसले नाहीत. "पास," म्हणाले. "सामान कधी आणताय?"

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि विमानतळ असा जवळ की विमान गेलं की कपाटातले पेले आपापसांत कुजबुजायला लागतात. नवीन माणूस अशा वेळी ओरडून बोलतो. काका थांबतात. वाक्याच्या मध्यावर, कधी शब्दाच्याही मध्यावर, डोळे मिटून थांबतात आणि विमान गेलं की जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करतात. एकदा मला म्हणाले, "तुम्ही रात्री नळ नीट बं," आणि मग एक भलंमोठं विमान गेलं, लांब जाऊन बारीक झालं, आणि काका म्हणाले, "द करत नाही." मी म्हटलं, काका, तुम्ही त्यांना मान देता की ते तुम्हाला देतात? तर म्हणाले, "वर जो आहे त्याला आधी जाऊ द्यावं." इतकं सोपं.

असा माणूस ड्रोन उडवेल असं कुणाला वाटेल? पण लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पोराकडून त्यांनी जुना ड्रोन घेतला. काकांच्या मते त्याला अजून मांडवाची सवय होती, खाली गर्दी दिसली की तो उगाच रेंगाळायचा. काका त्याला अहो-जाहो करायचे. "अहो, जरा डावीकडे घ्या." "अहो, तारा आहेत, सांभाळून." विश्रांतवाडीत विमानतळामुळे उडवायची बंदी, खडकीत लष्करामुळे बंदी, आणि काका तर मोकळ्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे. म्हणून दर रविवारी सकाळी ते स्कूटरवर, मी मागे, माझ्या मांडीवर ड्रोनची पेटी, अशी आमची वरात लोणी काळभोरच्या शिवाराकडे निघायची. स्कूटरचा वेग असा, की हडपसर येईपर्यंत मला एखादं छोटं स्वप्न पडून जायचं. तिथं पोचल्यावर काका हेल्मेट काढत नसत. वर ड्रोन, खाली हेल्मेट घातलेले काका, आणि त्यांच्या मागे उघडी छत्री धरून मी. उन्हात फोनची स्क्रीन दिसायला सावली लागते म्हणून छत्री. हेल्मेट का, तर "पडलाच तर माझ्यावर पडेल, कुणाचं नुकसान नको."

हे सगळं काकूंसाठी होतं. गुडघ्यांमुळे काकूंना जिने उतरवत नाहीत, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांचं जग म्हणजे खिडकी, खिडकीतला गुलमोहर आणि वरून जाणारी विमानांची पोटं. म्हणून काका रविवारी जग टिपून आणायचे आणि संध्याकाळी टीव्हीला लावायचे. ड्रोनच्या चित्राला आवाज नसतो. खाली बाई म्हशीला ओरडतेय, कुणी ट्रॅक्टर चालवतंय, सगळं मुकं. तो आवाज पुरवायचं काम माझं. म्हशीचा मी, बाईचा मी, ट्रॅक्टरचाही मी. काकू खुर्चीत बसून, गुडघ्यांवर दुलई घेऊन, हिरव्यागार शिवारावरून तरंगत जायच्या. दिवे लागायची वेळ, खोलीत टीव्हीचाच काय तो उजेड, आणि तिघं जण जमिनीपासून वर कुठेतरी. मध्येच काकू म्हणायच्या, "सगळ्यांची टकलं काय दाखवता, तोंडं दाखवा की जरा." काका म्हणायचे, "वरून टक्कलच दिसतं. देवालाही तेवढंच दिसत असणार."

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस कळली नव्हती. शिवारातून एक कालवा जातो. काकांचा ड्रोन कालव्यापर्यंत जायचा आणि वळायचा. पलीकडे कधीच नाही. विचारलं, तर काका म्हणाले, "पलीकडे हिचं माहेर आहे." मी म्हटलं, मग तर आधी तिकडेच जायला हवं. तेव्हा कळलं. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला जो येतो, त्याला मुराळी म्हणतात. आई होती तोवर काकूंचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून न चुकता यायचा, अगदी काकूंचे केस पांढरे झाले तरी यायचा. आई गेली आणि तो यायचा थांबला. भांडण नाही, तंटा नाही, नुसता आला नाही. आणि काकूंचा नियम असा, की न्यायला कुणी आल्याशिवाय माहेरी जायचं नाही. फोनही आधी करायचा नाही. बायको जात नाही तिथं जावयानं कसं जावं? म्हणून काका जात नव्हते, आणि काका जात नव्हते म्हणून त्यांचा ड्रोनही जात नव्हता.

पण एका शनिवारी काकू खिडकीबाहेर बघत, कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "आमच्या विहिरीवर चिंच आहे. तिच्या फांदीवर बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. आता तर केवढी झाली असेल." मग विमान आलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "वरून दिसली तर बघा. मी काही जा म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी ड्रोन कालवा ओलांडून गेला. काकांनी हेल्मेटचा पट्टा आणखी घट्ट केला, हे मी छत्रीखालून बघितलं. उसाचं रान, मग पत्र्याचं घर, मग विहीर. विहीर सापडली. चिंच काही दिसेना. "अहो, जरा खाली या," काका ड्रोनला म्हणाले. खाली आला. "अहो, वळसा घाला." घातला. विहिरीभोवती नुसती मोकळी माती. फोन केकाटायला लागला की बॅटरी संपतेय, परत फिरा. इतर वेळी काकांनी तेव्हाच ड्रोन परत बोलावून पेटी उघडली असती. त्या दिवशी नियमाचा हा माणूस म्हणत राहिला, "थांबा हो, असेल इथंच. एवढी मोठी चिंच कुठं जातेय." शेवटी ड्रोननंच ऐकलं नाही. तो हळूहळू, अगदी दमलेल्या पाहुण्यासारखा, उसात उतरला.

उभ्या उसात हरवलेली वस्तू म्हणजे गेलीच. आम्ही स्कूटर ढकलत पूल ओलांडून बांधावर पोचलो, तर ऊस सळसळला आणि आतून एक माणूस बाहेर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. उसाला पाणी धरत होता. काखेत ड्रोन, कोंबडी धरावी तसा. त्याचं नाक बघितलं आणि तो कोण ते मला कुणी सांगावं लागलं नाही. काकूंचंच नाक.

तो काकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी. मोजणी लावली व्हय?"

काकांना काहीच कळेना. मला जरा उशिरा कळलं. त्या बाजूला नवा रस्ता निघणार म्हणून जमिनी मोजायला ड्रोन फिरत होते, आणि रस्त्यात जमीन गेली की बहिणींचे वाटे निघतात. त्याच्या जागी कुणाच्याही मनात हेच आलं असतं.

"ताईनं वाटा मागायला धाडलं आसंल तर सरळ सांगा," भाऊ म्हणाला. "आसं वरनं चोरून कशापाई?"

"तिला चिंच बघायची होती," काका म्हणाले. "जिना उतरता येत नाही तिला. मी तिला टीव्हीवर दाखवतो. पण मला ती सापडली नाही."

भावानं फावडं खाली ठेवलं. तो विहिरीकडं वळला. "न्हाई सापडनार," तो म्हणाला. "विहीर रुंद केली तवा पाडली. मुळ्या आडव्या येत हुत्या. दाजी, आधी एक साल जमलं न्हाई न्यायला यायला, मग दुसऱ्या साली लाज वाटाया लागली. आन आता ही चिंच. कुठल्या तोंडानं येऊ? तिला सांगू नगा."

"मी सांगणार नाही," काका म्हणाले. "पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. माझ्याच्यानं होत नाही."

भावानं ड्रोन पंच्यानं पुसून दिला. मग आत जाऊन उसाची मोळी बांधून आणली आणि आमच्या स्कूटरला आडवी बांधली. परत येताना आम्ही एवढे रुंद झालो होतो की सोलापूर रस्त्यावरचे ट्रकही अदबीनं बाजूला होत होते. वाटेत काका एकदाच म्हणाले, "भाऊ पास आहे."

संध्याकाळी टीव्ही लागला. कालवा आला, गेला. काकू पुढे सरकून बसल्या. पत्र्याचं घर, विहीर, विहिरीभोवतीची माती. एक वळसा, दुसरा वळसा. मग चित्र उसात बुडालं, नुसतं हिरवं हिरवं, आणि त्या हिरव्यातून पडदाभर एक तोंड वाकून आत डोकावलं. पांढऱ्या मिशा, घामेजलेलं कपाळ. टक्कल नाही, तोंड. मग चित्र हललं आणि काखेतून वर बघितल्यासारखी त्याची हनुवटी दिसायला लागली. बोलणारी हनुवटी, आवाज नसलेली.

"वाळलाय," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "काय म्हणतोय तो? काढ की आवाज."

मी काकांकडे बघितलं. काका उसाच्या मोळीकडे बघत होते. हनुवटी तिकडे हलत होती, आणि ती काय म्हणत होती ते मला पाठ होतं. मी घसा खाकरला आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "दाजी, ताईला म्हनावं, ह्या पंचमीला म्या न्यायला येतो."

बॅटरी संपली तिथं चित्र थांबलं. काकू माझ्याकडे वळल्या.

"नापास," त्या म्हणाल्या. "आवाज बरोबर, माणूस चूक. लहानपणी बरणी फोडली की तो दिवसभर हनुवटी अशीच हलवायचा. चिंच पाडली ना त्यानं? मला काय विहीर दिसत नाही? आणि माझ्या भावाच्या तोंडून मला माहेरचं बोलावणं देणारा तू कोण रे? नकला करतोस म्हणून काय कुणाच्याही घरात शिरशील? आणि हो, तुम्ही. तिकडे काय बघताय? इतक्या वर्षांनी माझ्या माहेरी गेलात ते रिकाम्या हातानं? डोक्यावर हेल्मेट घालून? त्यानं मोळी बांधून दिली, तुम्ही काय नेलं होतंत, छत्री?"

"ड्रोन," काका म्हणाले.

"गप्प बसा." काकूंनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग माझ्याकडे बोट केलं. "आता फोन लाव त्याला. आणि सांग,"

विमान आलं. पेले कुजबुजायला लागले. काकांनी डोळे मिटले, काकूंचं बोट हवेत तसंच राहिलं, आणि विमान आमच्या डोक्यावरून सावकाश, सगळी खिडकी उजळत, कालव्याच्या दिशेनं लांब गेलं.

"त्यानं पंचमीचं काय कबूल केलंय ते."