एका फोन लाइनवरचे टीकाकार

कौतुकाचे किस्से होत नाहीत. कौतुक ऐकलं, बरं वाटलं, विसरलं! पण कुणी तोंडावर खरं सांगितलं की त्याचा किस्सा होतोच. आमच्या बोर्डावर तर ते इतके साठलेत, की जुन्यांपैकी दोघं जरी भेटलो तरी चहा निवतो आणि किस्से संपत नाहीत.

बोर्ड म्हणजे काय, ते आधी सांगते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. इंटरनेट हा शब्द आम्ही पेपरात वाचला होता, तेवढाच. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हरेशभाईंचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत मी क्लास घ्यायचे. हरेशभाईंनी एक जुना कॉम्प्युटर मोडेम लावून टेलिफोनला जोडला. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आणि मोडेम, ते तिथे फोन लावत, दुसऱ्यांचं लिखाण वाचत आणि आपलं टाकत. बाकीचे दुकानात येऊन टाइप करत. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत! दुसऱ्याला एंगेज टोन.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर मिळून वीसेक सभासद. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. गोष्ट, कविता, लेख, काहीही टाका, बाकीच्यांनी मत द्यायचं. बोर्डाची देखभाल माझ्याकडे होती. म्हणजे भांडणंही माझ्याकडेच!

* * *

पहिली गोष्ट टाकली दिलीप भोईरने. बदलापूर गावचा. अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होता. पहिली पाळी संपली की दुकानात यायचा आणि दोन बोटांनी टाइप करायचा.

आठवड्याने त्याने येऊन मतं वाचली. सात जणांनी लिहिलं होतं. "छान." "फारच छान." "शेवट विशेष आवडला." "शेवट चटका लावून गेला."

दिलीप खूश व्हायच्या ऐवजी डोकं खाजवायला लागला.

"नीता मॅडम, शेवट मी अजून टाइपच नाही केला. त्या दिवशी लाइट गेली ना!"

बघितलं तर खरंच! गोष्ट "तेवढ्यात दार उघडलं आणि" इथे संपत होती.

आठवं मत अंबरनाथच्या पेठे सरांचं होतं. सर मराठीचे रिटायर्ड मास्तर. मुलगा परदेशी गेला, त्याचा कॉम्प्युटर सरांकडे राहिला. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "आणि काय?"

दिलीप म्हणाला, "हा माणूस कोण आहे? मला याच्यासाठीच लिहायचंय!"

* * *

ज्योत्स्नाताई बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायच्या. नवऱ्याच्या कामासाठी घरी कॉम्प्युटर होता. नवरा ऑफिसला गेला की त्या कविता टाकायच्या.

हरेशभाई सिंधी. त्यांना वाटलं, आपण मालक, आपणही मराठीत काहीतरी लिहिलं पाहिजे. त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, "तुमची कविता padli."

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज चढलेला. "पडली तर पडली! पण का पडली ते सांगायची हिंमत ठेवा!"

हरेशभाई हबकले. "मॅडम, पडली नाय! पढली, पढली! मी पढली, दोन टाइम पढली!"

गैरसमज दूर झाला, दोघंही हसले. मग ताईंनी सहज विचारलं, "मग? कशी वाटली?"

हरेशभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रिसीव्हरकडे.

"साईं, आता खरं बोलू? थोडी पडली पण."

* * *

माझी चूकही सांगून टाकते. पेठे सरांची मतं फार बोचरी असायची. कुणी दुखावून बोर्ड सोडून जाईल अशी मला भीती. म्हणून मी सरांची मतं गुपचूप मऊ करायला लागले. "ही कविता नसून यादी आहे" याचं मी केलं, "कवितेत पुष्कळ गोष्टी आल्या आहेत."

तीन महिने बिनबोभाट चाललं. मग एका हळदीकुंकवाला ज्योत्स्नाताईंची सरांच्या बायकोशी गाठ पडली, आणि ताई म्हणाल्या, "सर किती प्रेमाने लिहितात हो!"

काकूंना धक्काच बसला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं ऐकलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सर दुकानात हजर. "माझ्या नावावर गोड बोलायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

मी मान खाली घातली. पण सरांचं एकवेळ परवडलं. खऱ्या चिडल्या त्या ताई! "माझं चुकतंय हे तुम्हाला माहीत होतं, सरांना माहीत होतं, फक्त मलाच माहीत नव्हतं? नीता, तू माझे तीन महिने फुकट घालवलेस!"

मी रडवेली झाले. माफी मागितली. मूळ मतं मी पुसून टाकली होती, आता ती आणायची कुठून?

"त्याची काळजी नको," सर म्हणाले. "मला सगळी पाठ आहेत."

* * *

हा छोटासा. ज्योत्स्नाताईंच्या सासूबाईंना फोन करायचा होता. आतल्या खोलीतला दुसरा रिसीव्हर त्यांनी उचलला आणि कानाला लावला. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत ताई कॉम्प्युटरवरून बोर्डाला लागलेल्या. मोडेमचा तो कर्कश आवाज!

"अगं सूनबाई! फोनमध्ये कोणीतरी किंचाळतंय गं!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "ठेवा तो, आई. पेठे सरांचं मत येतंय."

* * *

सरांनी स्वतःही एकदा लेख टाकला. विषय शाळेतली शिस्त. छापला तर अकरा पानं भरतील एवढा. सगळे चिडीचूप. सरांवर कोण लिहिणार?

ज्योत्स्नाताईंनी लिहिलं. "सर, दुसऱ्या पानावर मला झोप लागली. माफ करा, पण खरं ते हेच."

चार दिवस सर बोर्डावर आले नाहीत. मला वाटलं, संपलं! पाचव्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर सर बाहेर उभे, हातात लेखाचं बाड. ताईंना फोन लावायला सांगितलं.

"दुसऱ्या पानावर नक्की कुठे?" सरांनी विचारलं.

ताईंनी सांगितलं. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, तिथे आडवी रेघ मारली आणि पुढची नऊ पानं घडी घालून पिशवीत टाकली. स्टुलावर बसले. मी पाणी दिलं.

"हेच भाषण मी शाळेत दरवर्षी द्यायचो," ते म्हणाले. "कोणी कधी काही बोललं नाही."

"आवडत असेल, सर."

"नाही हो. मुलांना झोपायची परवानगी नव्हती."

उरलेली दीड पानं मात्र सुरेख होती. ताईंनीच तसं लिहिलं, आणि सरांनी त्याची प्रिंट मागून घेतली.

* * *

बोर्डावर एक जण "टायगर" नावाने यायचा. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. काहीही टाका, याचं मत ठरलेलं. "बकवास." "सगळं बकवास." "कागद वाया. अरे हो, कागद पण नाही, वीज वाया!"

लोक म्हणाले, याला काढा. मी हरेशभाईंकडे गेले. ते एका मॉनिटरचं पोट उघडून बसले होते. त्यांच्या काकांचं कॅम्पातच कापडाचं दुकान होतं.

"काकाच्या दुकानात रोज एक गिऱ्हाईक येते," ते मान वर न करता म्हणाले. "बोलते, माल खराब आहे. काका भांडत नाय. बोलतो, साईं, पीस दाखवा. खराब असेल तर पीस दाखवेल ना! नसेल तर चाय पिऊन जाईल."

तो बोर्डाचा नियम झाला. वाईट म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण कुठलं वाक्य ते दाखवा.

त्या आठवड्यात दिलीपने नवी गोष्ट टाकली. टायगर आला, "बकवास" लिहून गेला. त्याखाली नऊ जणांनी लिहिलं, "पीस दाखवा."

टायगर गायब! आम्ही म्हटलं, पीडा गेली. आणि दहा दिवसांनी आला तो तीन वाक्यं उतरवून. "इथे बैल विकला आहे. पुढच्या परिच्छेदात तोच बैल पाणी पितो आहे. आणि शेवटी त्याला पुन्हा विकला आहे."

दिलीपने स्क्रीनकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं.

"च्यायला," तो म्हणाला, "टायगर बरोबर बोलला!"

त्या दिवसापासून गोष्ट आधी टायगरला दाखवायची पद्धत पडली. बैल मोजायला!

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी अजूनही जरा थांबून सांगते.

दिलीपने एक गोष्ट टाकली. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक बाई भाताच्या लावणीला शेतात जाते. रडत नाही, बोलत नाही, संध्याकाळपर्यंत रोपं लावत राहते. तिचा मुलगा बांधावरून बघत असतो. बस, एवढीच गोष्ट.

पेठे सरांनी लिहिलं, "भाषा चांगली. पण ही बाई पटत नाही. तिसऱ्या दिवशी? लेखकाने परिणामासाठी केलेला बनाव वाटतो."

ज्योत्स्नाताईंनी लिहिलं, "मला तर उठतासुद्धा आलं नसतं. बाईच्या मनात काय आहे, ते लेखकाला कळलेलं नाही."

सगळ्यांचं होईपर्यंत लेखकाने मध्ये बोलायचं नाही असा संकेत होता. दिलीप मतांची प्रिंट काढून घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो आला तो आईला घेऊन. नामीबाई. साधं लुगडं, उभा बांधा, हातात कापडी पिशवी. बदलापूर गावाहून पहिल्यांदाच कॅम्पात आलेल्या. हरेशभाईंनी खुर्ची पुसून दिली.

"प्रिंट दिसली तिला," दिलीप म्हणाला. "बोलली, काय लिहिलंय ते वाच. वाचलं. तर बोलली, मला तिथं घेऊन चल."

नामीबाई माझ्या शेजारी बसल्या. "लिव," त्या म्हणाल्या. "ती बाय मीच हाय."

मी टाइप करायला लागले. जसं बोलल्या तसंच.

"रोपांच्या मुठी बांधून ठेवल्या व्हत्या. ठेवल्या का कुजतान. घरान खानारी चार तोंडा. म्हनून गेले. सरांना पटत नाय तं नको पटू दे. मला तरी कुठं पटलं व्हतं?"

माझी बोटं थांबली. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "लिव, लिव. आता माज्या पोराची चूक लिव. तेनी लिवलंय, आई रडली नाही. रडले! लावनीला पाठ वाकवली का तोंड चिकलाकडं. कोनाला दिसतंय? हा बांधावर व्हता. ह्याला माजी पाठ दिसली."

दिलीप मागे उभा होता. तो पुढे आला. "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कदी इचारलंस?"

मी ते बोर्डावर टाकलं आणि लाइन मोकळी केली. पाचच मिनिटांत मोडेम वाजला. पेठे सर! बाहेरून आलेला माणूस काय वाचतो, काय टाइप करतो, ते दुकानातल्या स्क्रीनवर आम्हाला दिसायचं. मी नामीबाईंना सांगितलं, "हे ते सर. आता तुमचंच वाचतायत."

नामीबाईंनी पदर सारखा केला.

 मग अक्षरं उमटली, पुसली गेली. पुन्हा उमटली, पुन्हा पुसली गेली. नामीबाई टक लावून बघत होत्या. "काय म्हंतात?"

"अजून काही नाही."

मग एक ओळ आली आणि राहिली. मी वाचून दाखवली. "बाई, रोप चिखलात किती खोल लावायचं असतं?"

नामीबाई पहिल्यांदा हसल्या. "तेनला सांग, फोनवर नाय कलायचा. लावनीला ये म्हनाव."

मी तसंच टाइप केलं. सरांनी लाइन सोडली.

आषाढात दिलीपने आम्हाला शेतावर बोलावलं. ज्योत्स्नाताई, हरेशभाई, मी, सगळे बांधावर. आणि खाली चिखलात पेठे सर, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडलेली, चष्मा दोरीने मानेला बांधलेला, कमरेत वाकलेले. शेजारी नामीबाई. सरांनी पहिलं चोंढं, म्हणजे शेताचा छोटा तुकडा, लावून पूर्ण केलं आणि पाठीला हात लावून सरळ झाले.

नामीबाईंनी वळून बघितलं. दोन रोपं बोटाने हलवून पाहिली.

"वर लावलाव, सर. तरंगतील. उपटा, परत लावा!"

सर वाकले आणि रोपं उपटायला लागले.