दाराआडचा महिना

आमच्या इस्पितळातल्या संगणकाच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे 'रद्दीवाली' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या खुशाल ओ देतात. मी तिथे रुग्णवाहिका चालवतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यामुळे मला टोपणनाव ठेवायची कुणाची छाती होत नाही. पण या बाईंविषयी बोलताना माझा आवाज आपसूक खाली येतो. माझी थोरली बहीण आज घरात भाजी निवडत बसली आहे, ती त्यांच्यामुळे.

ताईच्या मूत्रपिंडांनी कधीच हात टेकले. दर दोन-तीन दिवसांनी ती डायलिसिसला येते, पलंगावर पडते, आणि यंत्र तिचं रक्त गाळून परत देतं. ते यंत्र मिनिटामिनिटाला तिचा रक्तदाब, आतल्या द्रावणाचं तापमान, अंगातून काढलेलं पाणी, सगळं संगणकाला कळवत असतं. पूर्वी सगळ्या पलंगांच्या नोंदी संगणकातल्या एकाच टेबलात, म्हणजे एकाच लांबलचक तक्त्यात, जाऊन पडायच्या. ते टेबल इतकं फुगलं की परिचारिकेने कालची नोंद उघडली तर ती दिसेपर्यंत चहा निवायचा. जुनं पुसायला जावं तर आणखी पंचाईत. एकेक ओळ शोधून पुसताना सगळ्या खोलीतले संगणकाचे पडदे गोठायचे.

"डब्यातले दाणे एकेक करून कशाला वेचायचे?" बाई म्हणाल्या. "महिन्याचा डबा वेगळा करू. जुना झाला की डबाच उचलू."

म्हणजे दर महिन्याचं टेबल वेगळं. पुढच्या महिन्याचं आधी मांडायचं, वर्ष उलटलेलं काढायचं, आणि हे संगणकाने आपलं आपण करायचं, कुणी सांगायची वाट न बघता. पहिल्याच खेपेला फजिती झाली. जुना डबा ऐटीत उचलला गेला, पण नवा मांडायचं बाई लिहायलाच विसरल्या होत्या! महिना उजाडला, यंत्रं नोंदी पाठवतायत आणि घ्यायला कुणी नाही. परिचारिका दिवसभर हाताने रक्तदाब लिहीत आणि बाईंचा उद्धार करत बसल्या. बाई प्रत्येकीपुढे हात जोडून आल्या. तेव्हापासून पुढचे काही डबे कायम मांडलेले असतात.

पण त्यांची खरी खोड वेगळीच. काढलेलं टेबल त्या लगेच नष्ट करत नाहीत. आणखी एक महिना बाजूला ठेवतात, आणि त्या जागेला त्यांनी नाव दिलंय 'दाराआड'. हे त्यांच्या आईकडून आलं. एका खोलीत भावंडांचं लेंढार, त्यामुळे अडगळ ठेवून चालायचं नाही. पण आई कुठलीही वस्तू थेट बाहेर टाकत नसे. आधी दाराआड ठेवायची. पुढच्या सफाईपर्यंत कुणी विचारलं नाही, तरच ती घराबाहेर जायची.

व्यवस्थापकांना हे पटेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा स्वभाव.

"टाकायचं ते टाका की! दाराआड कसलं? हे काय तुमचं माहेर आहे?"

"साहेब, हरवलंय हे माणसाच्या उशिरा लक्षात येतं," बाई म्हणाल्या. "एवढा एक महिना राहू द्या."

साहेब कुरकुरले, पण राहू दिलं. देव त्यांचं भलं करो.

यंदा जुनी यंत्रं भंगारात गेली, नवी आली, आणि ताईचा रक्तदाब डायलिसिस चालू असताना धाडकन खाली यायला लागला. डोळे फिरायचे, हातपाय थंड पडायचे. मागच्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी यंत्राचं काहीतरी जुळवलं आणि ती सावरली. ते डॉक्टर आता दुसरीकडे गेलेले, संपर्क होईना. फाईलमध्ये एवढंच, की यंत्राची मांडणी बदलली. काय बदलली, ते जुन्या यंत्राबरोबर गेलं.

"चाचपडत बसलो तर प्रत्येक प्रयोग यांच्या जिवावर होईल," नवे डॉक्टर मला म्हणाले. "तेव्हाच्या नोंदी मिळाल्या तर सरळ तिथूनच सुरू करू."

त्यांनी संगणकावर पाहिलं. वर्ष नुकतंच उलटलं होतं, तो महिना काढला गेला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी तडक संगणकाच्या खोलीत घुसलो.

"तुमच्या झाडूने माझ्या बहिणीचा महिना नेला! आता काय करू मी?"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा आधी. दाराआड असेल."

होता. त्यांनी तो महिना पुन्हा जोडून दिला. डॉक्टरांनी नोंदी वाचल्या: द्रावण जरा गार ठेवलेलं, पाणी सावकाश काढलेलं, वेळ वाढवलेला. त्यांनी तसंच केलं. त्या खेपेला ताई यंत्राला जोडल्या जोडल्या झोपली आणि चक्क घोरायला लागली. एरवी तिच्या घोरण्यावरून आमची भांडणं होतात. त्या दिवशी मी दारात उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकलं.

पुढे बाईंनी ताईला बोलावून घेतलं. मीही सोबत गेलो.

"तुमच्या नोंदी डॉक्टरांनी फाईलमध्ये उतरवून घेतल्यात. उरलेला महिना आता आपोआप जाईल. म्हटलं, त्याआधी तुम्हाला विचारावं."

ताईने पडद्याकडे बोट दाखवलं. "मी बेशुद्ध पडले आणि हा बाहेर भिंतीवर डोकं आपटत होता, तो दिवस यातच आहे का गं?"

"यातच आहे, ताई."

"मग आपोआप नको. मला पुसू दे."

बाईंनी कुठलं बटण ते दाखवलं. ताईने सुईच्या खुणांनी भरलेला हात पुढे केला आणि दाबलं.

"गेला?"

"गेला."

मी बाईंचे हात धरले. ताईने पिशवी उचलली. "रडतोस काय? चल घरी," ती म्हणाली. "भाजी निवडायची राहिलीय."