बाबांची हाक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

मी नेरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. उद्याचं तंत्रज्ञान माणसाला दुःखातून सोडवेल, मेंदूतलं वेदनेचं बटणच बंद करता येईल, यावर गावोगावच्या शाळांत भाषणं देतो. ते मला मनापासून वाटतं. त्यात खोटं काही नाही. खोटं दुसरीकडे आहे.

बाबांच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता. गोळ्या पुरत नव्हत्या. सारखी कूस बदलून द्यावी लागे, आणि तेव्हा ते असे कण्हत की — मी बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन आणले. घरात सांगितलं, भाषणाच्या तयारीसाठी.

एका दुपारी माझी मोठी बहीण सुषमा औषधं आणायला गेली. बोरी अरब गावातलं स्वतःचं घर सोडून ती महिनाभर आमच्याकडेच राहिली होती. परतली, तर बाबा खाटेवरून खाली पडलेले. मी शेजारच्या खोलीत, लॅपटॉपसमोर.

"गजू, तुले आवाज नाही आला काय?"

मी कानातले इअरफोन काढून दाखवले. "नाही ना."

जमिनीवरून बाबा म्हणाले, "त्याले कायले बोलतं? मीच हळू बोललो."

ते हळू बोलले नव्हते. मला कसं माहीत? इअरफोनचं चार्जिंग सकाळीच संपलं होतं. ते नुसते कानात होते — मला कुणी बोलावू नये म्हणून. "गजू, मले जरासा पलटव रे." मग पुन्हा. मग नुसतं "गजू". दार उघडंच होतं. एकदा आमची नजरानजर झाली आणि मी मान फिरवली. शेवटी ते स्वतःच वळायला गेले असावेत. पडल्याचा आवाज आला तसा मी उठलो — हो, उठलो — पण तेवढ्यात फाटक वाजलं. सुषमा आली होती.

मी परत खुर्चीत बसलो.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. तोवर माझ्याकडून पाणीही घेत राहिले. तेरवीला सुषमानं साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "गजूनं लय सेवा केली बाबाची." मी मान खाली घालून हात जोडले.