कझन म्हणजे नेमका कोण?

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण आयर्लंडात, नास नावाच्या गावी लेकीकडे राहिले, त्या हिवाळ्यातली एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते.

लेक तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, जावई कामाला डब्लिनला. घरात बहुतेक मी आणि तेरा वर्षांची नात. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. जमेल तेवढं मी समजून घ्यायचे.

एका रविवारी ती वही आपटून रडायलाच लागली. इतिहासाच्या बाईंनी सांगितलं होतं, पहिलं महायुद्ध झालंच नाही अशी गोष्ट रचा. हिने रशियाला फ्रान्सपासून फोडून जर्मनीच्या बाजूला बसवलं होतं. बाईंनी वही परत केली. रशिया फ्रान्सला का सोडेल, ते उद्या लिहून आणलं नाही तर नापास.

मला काय कळणार त्यातलं? तरी मेथी निवडता निवडता विचारलं, "त्या देशांच्या राजांचं आपसात नातं काय गं?"

"कझन्स. सगळे कझन्स."

"कझन म्हणजे कोण? मामेभाऊ, चुलतभाऊ, का मावसभाऊ?"

"आजी! कझन म्हणजे कझन!"

"असं कसं? चुलतभाऊ बांधावरून भांडेल. मावसभावाला भांडायला काय असतं?"

ती रडता रडता हसली. मग तिने पुस्तकातली वंशावळ उघडली आणि आम्ही दोघी बोट ठेवत निघालो. इंग्लंडचा राजा जर्मनीच्या राजाचा मामेभाऊ निघाला. रशियाची राणी तर जर्मनीवाल्याची सख्खी मावसबहीण!

"म्हणजे रशियावाला ह्याचा मेव्हणा की," मी म्हटलं. "मग घरचं माणूस सोडून फ्रान्सच्या पंगतीला कसा बसला?"

"त्यांच्याकडून खूप लोन घेतलं होतं, आजी. रेल्वे बांधायला."

"मग कसा सोडेल? मिंधाच झाला ना तो. आधी पैसे फेड म्हणावं, मग जा मेव्हण्याकडे."

नात वही ओढून जी लिहायला बसली ती जेवायलाच उठली.

सोमवारी शाळा सुटायच्या आधीपासून मी खिडकीशी उभी. समोरची बाई हात हलवून गेली, तर मी लाजून पडद्याआड झाले. मला हात हलवायचंही सुचेना. नात आली ती ओरडतच, "ग्रँड, आजी! इट्स ग्रँड!" तिथे सगळं नीट झालं की ग्रँड म्हणतात, एवढं मला माहीत होतं. बाईंनी पास केलं होतं, वर वर्गात मोठ्याने वाचायलाही लावलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"शेवटी काय लिहिलंस? मला मराठीत सांग," मी म्हटलं.

तिने कधी नव्हे तो प्रयत्न केला. "रशियाच्या राजाने फ्रान्सचे सगळे पैसे... इंटरेस्टला काय म्हणतात, आजी?"

"व्याज."

"हां. व्याजासकट सगळे परत दिले."