केळीच्या वाडीत माझा खून

"राहू दे काका, कामाला येईल."

हे म्हणताना त्याचा डोळा कॅमेऱ्यालाच लागलेला असायचा आणि डावा हात हवेत थोपटत असायचा, झोपेत चाळवलेलं पोर निजवावं तसा. शूटिंगमध्ये कोणी शिंकलं, मधूनच कुत्रं गेलं, नवरदेवाचा फेटा कानावर आला, की हात थोपटायला लागलाच. टिपलेलं पुसून टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आमच्या वसईच्या इमारतीखाली त्याचा फोटो स्टुडिओ. घर निर्मळला, केळीच्या वाडीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे वडील गेले, तेव्हा त्यांच्याकडे वडिलांचे फोटो होते ते सगळे ताठ, चौकीत उभं करून काढल्यासारखे. यानं बाईंच्या लग्नाच्या शूटिंगमधला एक टाकाऊ तुकडा शोधून आणला. त्यात ते मधुमेहवाले गृहस्थ मांडवामागे उभे राहून, इकडंतिकडं बघत, दोन जिलब्या एकदम तोंडात कोंबत होते. बाई हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

आता माझ्याविषयी. इथल्याच बँकेतून रिटायर झालोय, आणि मला नको तिथं हसू येतं. एका शोकसभेत माईक किंचाळला आणि मी असा हसलो, की गेलेल्याच्या सख्ख्या मेहुण्यालाही आवरेना. तेव्हापासून सोसायटीत कोणी वारलं की बायको एकटी भेटून येते आणि मला घरी ताप असतो. अशा माणसाला यानं आपल्या पिक्चरमध्ये मरायला बोलावलं.

"भुताचा पिक्चर?" मी विचारलं.

"छे! भुताला खर्च येतो. माणूसच आहे, कोयतेवाला. वाडीत जो टेप घेऊन जमीन मोजायला येतो, तो परत जात नाही."

"आणि मी कोण?"

"तुम्ही टेप घेऊन येता."

रविवारी सकाळी त्याच्या मोठ्या भावाच्या वाडीत मला दोन केळींच्या मधे आडवं केलं. रक्त म्हणून कोकमाच्या आगळात गुळाचा पाक कालवून मानेवर ओतला. ही युक्ती मला फार आवडली. मुंग्यांनाही आवडली. पहिली मुंगी कॉलरमधून आत उतरली आणि प्रेत हसायला लागलं. पुसलं, पुन्हा मारलं, पुन्हा हसलं. मी सात वेळा मेलो आणि सातही वेळा हसलो. शेवटी तर दम लागून रडकुंडीला आलो. कोयतेवाला, म्हणजे एरवी गावात कपडे शिवणारा शिंपी, कोयता टाकून खालीच बसला.

दादा, म्हणजे तो मोठा भाऊ, पलीकडे केळीचे घड उतरवत होता. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "चालू दे पोरखेळ."

मी माफी मागितली. उत्तर तुम्हाला माहीत आहे. हातही थोपटून झाला.

रविवार जमवत जमवत पिक्चर पुरा व्हायला वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

"दादा म्हणतो, हल्ली लग्नात प्रत्येकाच्या हातात मोबाईल. स्टुडिओ बंद कर, वाडीत ये. मी म्हटलं, एकदा पिक्चर बघ, मग बोल. तर म्हणाला, गावाला दाखव. लोक शेवटपर्यंत गप बसले तर खुशाल दुसरा काढ. हसले, तर कॅमेरा माळ्यावर टाकायचा."

"मग, अडचण काय?"

"काका, राग मानू नका. तुमचं हसणं साथीसारखं पसरतं. तुम्ही दारापाशी बसाल का? अगदीच आलं, तर पटकन बाहेर…"

मला राग आला. बायको आतून म्हणाली, "बरोबर बोलतोय तो."

गावातल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चारला खेळ ठेवला. खिडक्यांवर निळ्या ताडपत्र्या, वर घरघरणारे पंखे. मी बायकोशेजारी दारापाशी, तोंडापाशी रुमाल, खिशात सांत्वनाचं भाषण. 'प्रयत्न प्रामाणिक आहे' अशी सुरुवात मी घरूनच लिहून नेली होती.

पंचाईत अशी, की हॉलमध्ये जो गाव, तोच पडद्यावर.

"अगं, ही तर आपली विहीर!"

"शिंप्यानं शर्ट कोणाचा घातलाय रे? माझाच की! शिवायला दिलेला!"

खसखस सुरू झाली. दादा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. त्याची पाठ हलत नव्हती. आमचा कॅमेरावाला मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पडद्याकडे बघायचं सोडून तो लोकांची डोकी बघत होता. प्रत्येक हसण्याबरोबर त्याचा चेहरा थोडा थोडा उतरत होता.

तेवढ्यात पडद्यावर मी आलो, हातात पिवळी टेप. "आले बँकवाले काका!" म्हणून कोणीतरी टाळी दिली आणि अख्खा हॉल हसला. मी रुमाल तोंडात कोंबला. माझ्या मनात आलं, संपलं, गेला कॅमेरा माळ्यावर, आणि तोही माझ्यामुळे.

पडद्यावरच्या मी टेपचं टोक बांधाशी अडकवलं आणि केळीत शिरलो. कॅमेरा मागे आलाच नाही. बाहेरच थांबला. दिसत होती फक्त हलणारी पानं आणि हळूहळू आत ओढली जाणारी ताठ टेप. मग आतून माझं हसणं आलं. तेच, मुंग्यांचं. चार जण साथीला हसले. पण ते हसणं थांबेना. वाडीत एकटा माणूस, दिसत नाही, आणि हसतोय. कशाला हसतोय? साथ देणारे गप झाले. हसता हसता त्याचा दम संपला, आवाज रडल्यासारखा झाला आणि केळीचा खांब तोडल्यावर होतो तसा एकच आवाज आला, खच्च.

टेप सैल पडली.

हॉलमध्ये फक्त पंखे. बायकोनं अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "आहात ना?"

त्यानंतर कोणी विहीर ओळखली नाही. एक मावशी पडद्यावरच्या पोरीला ओरडली, "नको जाऊ आत!" ती पोरगी मावशीच्या शेजारच्याच खुर्चीवर होती. मी दोनदा किंचाळलो, त्यातलं एकदा तर नुसतं केळीचं पान फाटलं होतं. हा पिक्चर चांगला आहे, हे मला मान्य करायलाच लागलं; भीतीनं खिशातलं भाषण मुठीत चुरगळून त्याचा बोळा झाला होता.

ताडपत्र्या निघाल्या, ऊन आत आलं, तरी कोणी उठेना. सगळे दादाकडे बघत होते. दादा उठला, सरळ मागच्या भिंतीपाशी गेला.

"कोयता असा धरतात काय रे?"

"अं?"

"घड उतरवणारा माणूस मनगट असं ठेवत नाही. शिंप्याचा हात आहे तो, कळतो. आपल्या वाडीचं नाव जाईल." दादानं हवेतच मनगट वळवून दाखवलं. "पुढच्या खेपेला मी धरीन."

याला आधी कळलंच नाही. मग 'पुढच्या खेपेला' कळलं. डोळा लपवायला कॅमेरा शोधत त्याचा हात गळ्याशी गेला. तिथं कॅमेरा नव्हता. मी तोंड फिरवलं. हसू आलं नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

हल्ली स्टुडिओचं शटर बहुधा खालीच असतं. परवा पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा म्हणून उतरलो, तर कागद चिकटवलेला: 'शूटिंग चालू आहे. पासपोर्ट फोटो शुक्रवारी.' काम अडल्याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

तिथंच उभा होतो, तेवढ्यात समोरून स्कूटर गेली. दादा चालवत होता. तो मागे उलटा बसला होता, पाठीला पाठ लावून, कॅमेरा डोळ्याला. दोघं एकमेकांचं तोंड न बघता भांडत होते.

"हळू घे ना दादा!"

"यापेक्षा हळू म्हणजे उतरून ढकलायला लागेल!"

मी हात केला. त्यानं कॅमेरा खाली घेतला नाही. स्कूटर निर्मळच्या रस्त्याला लागली आणि मी हात हलवतच राहिलो. त्याच्या पिक्चरमध्ये रस्त्याच्या कडेला लहान लहान होत जाणारा म्हातारा मीच असणार.